हिवरझरीचा हाकिम

हिवरझरी पुनर्वसन, ता. पवनी
१३ जानेवारी २०२५

चि. मोबीनले खैरूआपाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र अब्बाले मोठ्यानं वाचून दाखवलं. फोनवर त्यायले काही आयकू येत नाही, पण पत्रातलं सगळं आयकू येते. तुझ्या शुगरची ओळ मी गाळली, तर काय गाळलं म्हणून त्यायनं परत वाचायले लावली. भात कमी खा म्हणतात.

आमचं बरं हाय. धान निघाला, विकून झाला. मशीदही गेल्या ईदले पुरी झाली. पण तिथंच नवी कुरकुर सुरू हाय. नमाज पढवायले नवे हाफिजजी आले, पोरगेलेसे हायत पण शिकलेले. ते म्हणतात का हनफी किताबात जुम्म्याची नमाज शहरात होते, खेड्यात नाही. खेड्यातल्या माणसानं शुक्रवारीबी रोजचीच दुपारची नमाज पढावी. जुन्या हिवरझरीत बाजार होता, पोलीस चौकी होती, आजोबापासून जुम्मा होत होता. ते गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आता हे नवं ठिकाण शहर हाय का खेडं, हे मुफ्तीसाहेबाले दाखवल्याबिगर जुम्मा सुरू करायचा नाही, असं त्यायचं म्हणणं.

बन्नेमामू तापून हायत. मशीद कमिटीचे सदर तेच, अन् आपल्या माय‌चे भाऊ, म्हणून सगळा ताप आपल्याच घरी येऊन काढतात. गाव बुडलं, आमचा दीन थोडीच बुडला म्हणतात.

मुफ्तीसाहेब नागपूरवरून पुढच्या महिन्यात येतील. बाजार पाहतील, वस्ती पाहतील. अन् अजून एक पाहतील म्हणे, का इथं असा कोणी हाकिम हाय का, जो जुलूम करणाऱ्याच्या हातून ज्याचा हक्क त्याले काढून देईल.

जवान माणसं शुक्रवारी टेम्पोनं पवनीले जातात. अब्बाच्या खुब्याले ते गचके आता सहन होत नाहीत. शुक्रवारी नहातात, अत्तर लावतात, दारात खुर्ची टाकून टेम्पो जाताना पाहतात, अन् मंग दिवसभर कोणाशी बोलत नाहीत. चहात साखर नसली तरी नाही. मले ते पाहवत नाही बापा.

तू एवढा संस्कृत शिकला. गाव शहर कधी होते, हे तुझ्या पोथ्यांत असन तर लिहून पाठव. दुल्हनले दुआ सांग.

तुझी वाट पाहणारी,
खैरूआपा

*

जवाहरनगर
२१ जानेवारी २०२५

ती. खैरूआपास मोबीनचा सलाम, आणि शाळेच्या सवयीनं साष्टांग नमस्कारही. विनंती विशेष.

भात कमी करतो असं अब्बांना सांग. भाताला मी अजून कळवलेलं नाही.

पोथ्या पाहिल्या. आमच्या ग्रंथांतल्या नगराला तट लागतो, खंदक लागतो, गजशाळा लागते आणि शिवाय अशा काही जणी लागतात ज्यांच्याविषयीची ही ओळ अब्बांसमोर वाचू नकोस. हिवरझरीत खंदक म्हणता येईल अशी नाली आहे आणि हत्तीच्या जागी बन्नेमामू आहेत. बाकी सगळं विस्थापनात गहाळ झालं असं समजू.

मग इथल्या इमामसाहेबांना गाठलं. त्यांनी चहा पाजला आणि माझ्या ज्ञानातलं मोठं भगदाड दाखवलं. पूर्वी शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे नमाजेआधीच्या प्रवचनात, सुलतानाचं नाव घेत असत. नाव बदललं की लोकांना कळायचं, राज्य बदललं. म्हणजे जुम्मा ही नुसती नमाज नाही; या जागी कोणाचा तरी अंमल आहे, इथल्या गरिबाची दाद लागते, याची ती चारचौघांत दिलेली ग्वाही आहे. इमाम सगळ्यांच्या पुढे उभा राहतो, पण घराची हद्द ठरवणं त्याचं काम नाही. ते हाकिमाचं. आणि तो हाकिम नमाजेला आला तर रांगेत मागेच उभा राहतो. हाकिम मुसलमानच हवा का, असं मी विचारलं. ते म्हणाले, हा प्रश्न इंग्रजांच्या काळात आपल्या आलिमांना, म्हणजे धर्मपंडितांना, पडून गेला; त्यांनी वाट काढली की लोकांनी एकमतानं आपला इमाम नेमावा आणि जुम्मा पढावा. बाकी मतभेद पुष्कळ आहेत, मुफ्तींना विचारा, असं म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं.

म्हणजे हाकिमाच्या धर्मावर अडत नाही, दाद देणारा कोणी हवा एवढंच. आता मोजू. तहसीलदार पवनीत, ठाणेदार पवनीत. हिवरझरीत उरल्या सरपंच सखाबाई. चौथीत ती माझ्या शेजारी बसायची. तिनं मला पाटी मारली होती आणि गुरुजींनी चौकशीअंती मलाच कोपऱ्यात उभं केलं होतं, कारण तिची पेन्सिल माझ्या खिशात सापडली. न्यायबुद्धी तेव्हापासूनची आहे. मुफ्तीसाहेबांना सखाबाई दाखवा. मात्र मामू बसलेले असताना हे वाचू नकोस.

लोभ वाढवण्याची विनंती करीत नाही. सध्याचाच पचवणं जड जातं.

तुझा,
मोबीन

*

हिवरझरी पुनर्वसन
४ फेब्रुवारी २०२५

चि. मोबीनले आशीर्वाद, अन् दोन धपाटेबी. वि. वि.

मामू बसलेच होते. अन् वाचू नको असं लिहिलेलं वाक्य वाचून झाल्यावरच समजते, हे तुले इतकं शिकून कसं नाही समजलं?

मामू उठून उभे राहिले. जी बाई सकाळी तळ्यावर जाळं ओढते, टोपल्यात मासोळ्या घेऊन बाजारात बसते, ती आमची हाकिम? मोबीनले त्या जवाहरनगरात बारुदीची हवा लागली, असं म्हणाले. अब्बा गालात हसून राहिले होते.

पण खरी गोष्ट पुढची. मामूनं आपल्या किराणा दुकानासमोर शिमिटाचा ओटा बांधला, वरून टिनाचं छप्पर टाकलं. अर्धा रस्ता त्यात गेला, नाली दाबली गेली. त्यायच्या बाजूले रुखमा राहते, बुधरामची विधवा बहीण. सगळं सांडपाणी तिच्या रांधणीत शिरून राहिलं. तिनं मामूले दोनदा सांगतलं. मामू म्हणाले, पाण्याले काय मी बोलावलं? मंग ती ग्रामपंचायतीत गेली. सखाबाई स्वतः येऊन पाहून गेली, अन् नोटीस दिली का आठ दिवसात ओटा काढा.

मामू म्हणाले, पहिले आपल्या घरचं पाहा. तर आपल्या दिराचा जाळे वाळवायचा मांडव तिनं त्याच रस्त्यावरून आधीच उपटून फेकला होता. दीर तिच्याशी अजून बोलत नाही. ती म्हणते, बरं झालं, घरात शांती हाय.

आता मामू म्हणतात, मी हिले मानत नाही. भंडाऱ्याले वकील लावतो, दहा वर्षं केस चालवतो, ओटा तिथंच राहील. सगळी कमिटी हो हो करून राहिली होती. तवा अब्बानं एवढंच विचारलं, का बन्ने, मुफ्तीसाहेब आले अन् त्यायनं हाकिम कुठं हाय म्हणून विचारलं, तर कोणाले दाखवशील? मामूनं चहा अर्धा टाकला अन् निघून गेले. तवापासून आले नाहीत.

मुफ्तीसाहेब वीस तारखेले येणार. रमजान तोंडावर आला. तूच काही लिही मामूले, तुझ्यावर त्यायचा जीव हाय.

तुझी आपा

*

जवाहरनगर
१० फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप बन्नेमामूंस भाचा मोबीन याचा अदबीनं सलाम. वि. वि.

बारुदीच्या हवेबद्दल आपलं म्हणणं पोचलं. इथल्या दारूगोळा फॅक्टरीचे लोक सांगतात की हवा स्वच्छ आहे, तेव्हा दोष माझाच असावा.

ओटा उत्तम झाल्याचं आपा लिहिते. आपण बांधलेलं कच्चं कसं असेल? मशीदही आपणच उभी केलीत. पुनर्वसनाच्या त्या माळावर लोक पाण्याच्या टाकीसाठी भांडत होते तेव्हा आपण दारोदार फिरून विटा गोळा केल्या, सखाबाईच्या सासऱ्याकडूनही. हे मी विसरलेलो नाही, म्हणून लिहिण्याचं धाडस करतो.

आपला वकील हुशार असेल तर कोर्टात सिद्ध करील की सखाबाईंचा हिवरझरीत काही अंमल नाही. आपण जिंकाल. मग हिवरझरी हे असं ठिकाण ठरेल जिथं दांडग्या माणसाला कोणी हात लावू शकत नाही आणि रुखमाच्या चुलीत पाणी शिरलं तरी दाद लागत नाही. तेवढा निकाल मुफ्तीसाहेबांना दाखवला की तेही लगेच सांगतील, जुम्मा नको, रोजची दुपारची जोहरच पढा. आपण केस जिंकायची की हरायची, हे मी भाचा असून कसं सांगू? ओटा आपला आहे. शुक्रवारी दारात खुर्ची टाकून बसणारे मेहुणेही आपलेच आहेत.

लहान तोंडी जास्त झालं. पुढच्या भेटीत कान धरावा. डावा धरावा, उजवा दुखतो आहे.

आपला,
मोबीन

*

हिवरझरी पुनर्वसन
२२ फेब्रुवारी २०२५

चि. मोबीनले तुझ्या आपाचे खूप खूप आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळाल्यावर मामू दोन दिवस दुकानातून बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी ठोकायचा आवाज आला. मले वाटलं ग्रामपंचायतीची माणसं आली. पाहिलं तर मामू स्वतः घन घेऊन ओटा फोडून राहिले होते, अन् बुधराम टिनं उतरवून राहिला होता. रुखमानं चहा पाठवला, तो मामूनं घेतला. साखर जास्त हाय म्हणून बोललेबी.

परवा मुफ्तीसाहेब आले. पांढरी गाडी, संग दोन मौलवी. बाजार पाहिला, दुकानं पाहिली, आजूबाजूच्या वाड्या-टोल्यांतले लोक रेशनले इथंच येतात का विचारलं. मंग मशिदीत बसून त्यायनं तेच विचारलं, का इथं कोणाचा जोर चालते? कमजोराले हक्क कोण मिळवून देते? कमिटी मामूकडे पाहून राहिली.

मामू उठले. मुफ्तीसाहेबाचा हात धरला अन् सरळ आपल्या दुकानासमोर घेऊन गेले. फुटलेलं शिमिट तिथंच पडून होतं. म्हणाले, हजरत, हा माझा ओटा होता. मी मशिदीचा सदर, गावात मले कोणी नाही म्हणत नाही. हा ओटा एका मासोळ्या विकणाऱ्या बाईनं माझ्या हातानं मलेच फोडायले लावला, अन् मी तिचं काहीच करू शकलो नाही. अशा फुशारकीनं सांगून राहिले होते, का जसा ताजमहाल दाखवून राहिले.

मुफ्तीसाहेब दाढीत हसले. म्हणाले, या बाईले भेटू.

बोलावायची गरजच नाही पडली. सखाबाई तळ्यावरून ओल्या पायानंच येऊन राहिली होती, डोक्यावर टोपलं. ना सलाम ना दुआ. तिनं पहिलं विचारलं, ही पांढरी गाडी कोणाची? रस्त्याच्या मधात लावली हाय, शाळेच्या पोरायचा ऑटो तिकडं अटकून पडला हाय. पहिले गाडी काढा, मंग बोलू. दोन्ही मौलवी एकमेकाकडे पाहू लागले. मामूनं तर कपाळाले हात लावला.

मुफ्तीसाहेबानं खिशातून चाबी काढली, ड्रायव्हरले दिली, अन् स्वतः उलटं चालत हातानं इशारे करून गाडी मागं घ्यायले लावली. ऑटो निघून गेला. तवा सखाबाईनं टोपलं खाली ठेवून रामराम केला अन् चहा घेणार का विचारलं.

चहा पिताना मुफ्तीसाहेब म्हणाले, यावर आलिमांत बोलणं पुष्कळ हाय, अन् लिहून मी मागाहून पाठवीन. पण वस्ती हाय, बाजार हाय, अन् अंमल तर मले आताच कळला. जुम्मा सुरू करा.

काल पहिला जुम्मा झाला. अब्बाले खुर्चीसकट नेलं, एका बाजूनं मामू अन् दुसऱ्या बाजूनं हाफिजजी. घरी आले तवापासून बोलून राहिले हायत. खुतबा लंबा होता. हाफिजजीचा आवाज बारीक हाय. पंखा अब्बाच्याच टकलावर फिरत होता. चहात साखर कमी पडली. रात्री झोपेपर्यंत तक्रारच सुरू होती. मी भिंतीले टेकून सगळं आयकत बसली.

ईदले ये. अब्बा म्हणतात, येताना हाफिजजीसाठी मोठं घड्याळ आण.

सगळ्यायले दुआ सांग.

तुझी,
खैरूआपा