वाळूचं दार

तीर्थरूप अण्णा,
इथूनच वाकून नमस्कार.

माझी तब्येत ठणठणीत आहे. खोकला गेला असं ताईला कळवलं होतं, तो आता खरंच गेलाय.

हॉटेलच्या किनाऱ्यावर रोज सकाळी खेकड्यांची बिळं बुजवायची, हे माझं काम. पाहुण्यांचा पाय मुरगळू नये म्हणून. खेकडे अगदी वाळूच्याच रंगाचे. एक बीळ बुजवलं की शेजारी दुसरं उकरतात. तुमच्यासारखेच हट्टी. रागावू नका.

आई गेल्याचा फोन आला, त्या सकाळी मी फावड्याने वाळू फार जोरात चोपली. दुपारी राहवेना म्हणून जाऊन पाहिलं, तर एकही बीळ उघडं नाही. सगळे माझ्या हातून मेले असं वाटून तिथेच बसलो. बागेतले म्हातारे माळी म्हणाले, "अरे, ऊन तापलं की ते स्वतःच आतून वाळू लावून घेतात. आत ओल असते. बरे आहेत ते." संध्याकाळी खरंच एकेक बाहेर आला.

ताई सांगते, तुम्ही आईच्या खोलीला आतून कडी लावून बसता. मी तिला म्हटलं, दार ठोठावू नकोस, चहा दाराशी ठेव. चहा घेता ना?

आईला शेवटचं बघायला मी पोचलो नाही. फोनवर हे तुमच्याशी बोलवत नाही. पुढच्या महिन्यात रजा मिळाली आहे. मीही दार वाजवणार नाही. बाहेर बसून राहीन.

ऊन उतरलं की उघडा.

तुमचा,
धाकटा