अंगचं औषध

४ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

फोनवर बोलले की हे जवळ येऊन बसतात, म्हणून पत्र. गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं असं सगळे म्हणतात. गुडघा तेवढा म्हणत नाही. व्यायाम करून घेणारी बाई रोज येऊन पाय वाकवायला लावते, तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकतात. डॉक्टरांनी त्याआधी घ्यायला गोळ्या दिल्यात, पण त्या ह्यांच्या कपाटात, कुलपात. जन्मभर पोरांना कवायत शिकवलेला माणूस. कुठल्याशा व्याख्यानात ऐकून आलेत की शरीर स्वतःच वेदनाशामक तयार करतं, बाहेरून घेतलं की ते आळशी होतं. मी कण्हले की म्हणतात, हस, गाणं म्हण.

शिलाई मशीन धूळ खात पडलंय. शाळेच्या गणवेशांचं काम दुसरीकडे जायच्या आत मला पायडलवर पाय ठेवायचाय. बाकी काही मागणं नाही.

माया आहे तशीच असू दे.
तुझी ताई

११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. शरीर औषध तयार करतं हे खरं, पण हाड कापल्यावर ते कुठवर पुरणार? आमच्या वॉर्डात रोज बघते मी. गोळी घेतलीस तरच पाय वाकवशील, आणि आत्ता वाकला नाही तर कायमचा आखडेल. भावोजींना फोन करून हेच सांगितलं. तुम्हा नर्सांना गोळ्यांपलीकडे काही दिसत नाही, म्हणाले. भांड त्यांच्याशी, ताई. एकदा तरी भांड.

तुझ्या मायेची,
धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. भांडले, पण कुलूप निघालं नाही. मग मागच्या महिन्यात ह्यांची दाढ काढली. भूल उतरताच कपाट उघडलं, माझी गोळी घेतली आणि दुपारभर घोरत पडले. उठल्यावर मी विचारलं, अंगचं औषध कुठे गेलं? तर म्हणाले, "दाढेचं दुखणं वेगळं असतं."

डॉक्टर म्हणतात, आता भूल देऊन गुडघा वाकवावा लागेल, तरी खात्री नाही. ह्यांनी नको म्हणून सांगितलं, आणि माझ्यातही बळ उरलं नाही. गणवेशांचं काम गेलं. मशीन शेजारणीला देऊन टाकलं.

गोळ्या पाठवू का म्हणून परवा फोनवर विचारलंस, त्या आता नकोत. पाय वाकतच नाही, त्यामुळे दुखतही नाही. घरी येईल त्याला हे मोठ्या कौतुकाने सांगतात, "बघा, एकाही गोळीशिवाय बरी झाली."

तू तरी मला विसरू नकोस.
तुझी ताई