नव्या नावाची पहिली पदवी

३ जून
विद्यापीठाचं नाव बदललं. आजवरचं चौथं. जुन्या पदव्या नव्या नावाने बदलून द्यायचं काम पदवी विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे. ऑगस्टमध्ये उपकुलसचिवाची जागा भरणार आहेत. दोन्ही गोष्टी मनात एकदमच आल्या, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

५ जून, सकाळी ११
एका बैठकीत नियमावली लिहिली. नियम क्रमांक चार: आधी जुनी मूळ प्रत जमा करा, मशीनमध्ये तिचे तुकडे होतील, मगच नवी. कुलसचिव म्हणाले, फार कडक होतंय. म्हटलं, साहेब, गर्दी आवरायची तर कडकच हवं.

१० जून
चाळीस हजार माजी विद्यार्थी धरलेत. सहा खिडक्या, दोऱ्या, टोकन, पिण्याचं पाणी. कुणाला चक्कर आली तर म्हणून स्ट्रेचर. ही विचारते, स्वतःची पदवी फाडायला कोण देईल? हिला प्रशासनातलं कळत नाही.

१७ जून
पहिला दिवस. कुणी नाही. सोमवारी लोक निघत नाहीत.

१८ जून
मंगळवारीही निघत नाहीत.

२६ जून, दुपारी १२
एक आजी आल्या! सहाही खिडक्यांवरचे उठून उभे राहिले. हातात थेट पहिल्या नावाची पदवी! मी स्वतः टोकन दिलं. त्यांना नातीच्या ॲडमिशनची खिडकी हवी होती; पदवी नातीला दाखवायला आणलेली. पदवी बदलून देऊ म्हटलं, तर ती छातीशी धरून म्हणाल्या, हात लावू नकोस बाळा.

४ जुलै
कुलसचिवांनी आकडा मागितला. शून्य लिहायला हात धजेना. अशा वेळी अधिकाऱ्याने स्वतः पुढे व्हायचं असतं. भिंतीवरची माझी बी.कॉम. काढली. ही म्हणाली, निदान झेरॉक्स तरी काढा. मी नुसता हसलो. मशीनपाशी शिपायाने दोनदा विचारलं, साहेब, नक्की?

५ जुलै
नवी पदवी मिळाली. अनुक्रमांक एक! अहवालात लिहिलं: आलेले अर्ज शंभर टक्के निकाली.

२२ जुलै
नवं नाव रद्द. पुन्हा तिसरंच. कँटीनमध्ये टाळ्या वाजल्या. मला काय फरक पडतो? पदवी ती पदवी.

९ ऑगस्ट
उपकुलसचिवपदासाठी कागदपत्रांची तपासणी. तिथल्या बाईंनी माझी पदवी उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाल्या, या नावाचं विद्यापीठ यादीत नाही. म्हटलं, अहो, आपलंच आहे. म्हणाल्या, अशी पदवी दुसऱ्या कुणाची दाखवा. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

१० ऑगस्ट, संध्याकाळी ५
जुन्या पदवीच्या डुप्लिकेटसाठी माझ्याच विभागाकडे अर्ज केला. ओळखीचा फायदा घ्यायचा नाही म्हणून छाननी नीट केली. डुप्लिकेट फक्त हरवलेल्या पदवीची मिळते. अर्जदाराची हरवलेली नाही, त्याने स्वखुशीने नष्ट करवली आहे. नामंजूर केला. सही केली, शिक्का मारला, आणि पत्र घरच्या पत्त्यावर पाठवलं.