आईनं एकच गोणपाट अंथरलं

भिंगार, मार्च १९७३, रविवार संध्याकाळ

मिरजेला नर्सिंगला जायचं की आईजवळ राहायचं? महिनाभर प्रार्थनेत प्रभूला विचारतेय, तो आपला गप्प. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आईला विचारावं तर, "मला कशाला विचारतेस? त्याला विचार."

रोज प्रार्थनेला आई दोन गोणपाटं अंथरते, एक तिचं, एक माझं. आज एकच अंथरलं.

"माझं कुठाय गं?"

"तू मिरजेला गेल्यावर एकटीनंच गुडघे टेकायचेत. सवय नको का व्हायला?"

किती साधेपणानं म्हणाली! कधीपासून ठरवलं होतं हिनं?

मी तिच्याच गोणपाटाच्या कडेला गुडघे टेकले. तिनं सरकून जागा दिली. आज प्रभूला काही विचारलंच नाही. 'हिला सांभाळ' एवढंच म्हटलं.