भांडून ठरलेला थांबा

दि. ६ जुलै २०२५

चि. धम्मदीप यास,
थोरली बहीण कौसल्याबाईचे अ. उ. आ. वि. वि.

इकडे सारे खुशाल. वणीची धूळ तुझ्या दम्याले मानवते का ते कळव. फोन काहून करत नाई म्हणून रागावू नको. फोनवर बोललं का सूनबाई बाजूले बसून ऐकते, न् मधामधात माझ्या आधीच उत्तर देते. पत्रात तेवढं तरी सुख असते.

आता खबर ऐक. आपल्या रस्त्यानं राळेगावची एसटी सुरू होऊन राह्यली. पण आपल्या गावाले न् पुढच्या बंजाऱ्यांच्या तांड्याले मिळून थांबा एकच. जागा कोणती, ते दोन्हीकडच्या सह्यांनिशी ३१ तारखेच्या आत लिहून द्या, नाही तर बस दुसऱ्या रस्त्यानं जाईन, असं एसटीचे साहेब सांगून गेले. अकरा पोट्ट्या सायकलनं कॉलेजले जातात, त्यात आपली नात मोनाली. तांड्यावरच्या लालीबाईच्या नातीनं, उज्ज्वलानं, तर मागच्या दिवाळीपासून कॉलेजच सोडलं.

पाच जणांची समिती झाली. तांड्याकडून लालीबाई न् लखीराम नाईक. गावाकडून उकंडाभाऊ, निवृत्त इंद्रजित गुरुजी, न् मी. पहिल्याच बैठकीत कल्ला. उकंडाभाऊ म्हणे थांबा गावच्या चौकातच पाहिजे, तांड्यावाल्यांचे पूर्वज बैलांवर मीठ लादून मुलूखभर चालले, यांले दीड किलोमीटर चालणं जड जाते का? लालीबाईनं पदर खोचला न् म्हणाली, चालले म्हणूनच तुमच्या पूर्वजांच्या भाजीत मीठ पडलं, आता चालायची पाळी तुमची. मले हसू आवरेना. पण बैठक तिथंच मोडली.

तू युनियनचा माणूस, अर्धं आयुष्य बैठकीत गेलं तुझं. काय करू ते कळव. मायेले ओहोटी लागू देऊ नको.

तुझी बाई

*

वणी, दि. १२ जुलै २०२५

ती. बाईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

पत्र पोचले. दमा ठीक आहे. मिठाचा किस्सा ऑफिसात सांगितला, मोठे साहेबसुद्धा हसले.

तू योग्य माणसाला विचारलेस. गेल्या वर्षी नागपूरला आमचे दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले, विषयच हा. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले की मतभेद झाला की माणसे पाच तऱ्हेने वागतात. कुणी टक्कर घेतो, कुणी काढता पाय घेतो, कुणी मान तुकवतो, कुणी अर्धे-अर्धे करतो, आणि कुणी खोदत बसतो की बाबा, तुला नेमके हवे तरी काय. तुझी समिती मी इथूनच ओळखली. उकंडाभाऊ आणि लालीबाई टकरीवाले, नाईक मान तुकवणारे, गुरुजी अर्ध्यावाले. तू कोण ते लिहीत नाही, मला गावी यायचे आहे.

उपाय सोपा आहे. दोन्ही टकरीवाल्यांना काहीतरी मानाचे काम देऊन बैठकीबाहेर काढ. उरलेल्या शांत माणसांत अर्ध्या तासात निकाल लागेल. लागला नाही तर माझे नाव बदल.

मोनालीला आशीर्वाद. थोरलीचा लोभ धाकट्याला पुरून उरतोच, तरी मागून ठेवतो.

तुझा धम्मदीप

*

दि. २१ जुलै २०२५

चि. धम्मदीप यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं नाव काय ठेवू, तेवढं कळव.

तू सांगतलं तसंच केलं. उकंडाभाऊले म्हटलं, रस्ता नीट मोजल्याबिगर काही होत नाही, न् लालीबाईच्या मोजण्यावर माझा भरोसा नाही. लालीबाईले तेच उकंडाभाऊबद्दल सांगतलं. टेपाची दोन टोकं धरायले दोन माणसं लागतातच. दोघं सकाळी आठलेच निघाले न् भांडायचा आवाज पार तांड्यापर्यंत दूर दूर जात राह्यला. मी मनात तुले शाबासकी दिली.

मग आमची गोड माणसांची बैठक. नाईक म्हणे गाव म्हणन तिथं. गुरुजी म्हणे छे छे, तांडा म्हणन तिथं. मी दोनदा चहा केला. शेवटी गुरुजींनी तोड काढली का गाव न् तांड्याच्या बरोब्बर मधात थांबा द्यावा, कोणाचंच मन दुखत नाही. नाईक वा वा म्हणाले, मीही वा वा म्हटलं. तिघांच्या सह्या झाल्या.

घरी मोनालीनं कागद वाचला न् माह्याकडं पाहातच राह्यली. म्हणे आजी, बरोब्बर मधात तर मसनवट आहे. पुढं म्हणे, तिथं गेलेलं कोणी वापस येत नाही, मग परतीची बस कायले?

धम्मदीप, खरं सांगू? तिथं मसनवट आहे हे मले माहीत होतं. नाईकाले माहीत होतं, गुरुजीलेही होतं. पण एवढं गोड चाललं होतं, त्यात कोणी बोलावं? बाकी दोघांच्या सह्या राह्यल्या आहेत, नाही तर कागद आजच गेला असता. लवकर कळव, दहाच दिवस उरले.

बाई

*

वणी, दि. २५ जुलै २०२५

ती. बाईस,
स. जयभीम वि. वि.

मसनवटीत थांबा! तुझी सून हे ऐकून काय म्हणाली, ते मला फोनवर तिच्याच तोंडून ऐकायचे आहे.

चूक माझी. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजारात होतो. ज्या सोबत्याने सगळे ऐकले त्याला काल विचारले. तो म्हणाला, शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले होते की भांडणारा माणूस बाहेर काढला की त्याच्यासोबत खरे बोलणेही बाहेर जाते.

म्हणून त्या दोघांना बोलाव. आणि बाई, आता लिहितोच, मारायचे तर मार. तू काढता पाय घेणारी आहेस. माझ्या लग्नाच्या वेळी दोन्ही काका भांडायला लागले, तेव्हा तू पापड तळायला उठलीस ते जेवणापर्यंत तळतच राहिलीस. या वेळी पापड तळू नकोस.

रागातही आठवण ठेव.

धम्मदीप

*

दि. १७ ऑगस्ट २०२५

चि. धम्मदीप यास,
अ. उ. आ. वि. वि.

पापडाचं लिहिलं ते वाचून दोन दिवस तुह्यावर रुसली होती. मग वेळच मिळाला नाही.

त्या दोघांले बोलवायचं कामच पडलं नाही, ते आपणहून आले, न् पहिल्यांदाच एका बाजूनं. मसनवटीवरून त्यांनी आम्हा तिघांले असं धारेवर धरलं का गुरुजींचा चष्मा घसरला. मग उकंडाभाऊ म्हणे, लालीबाई थांबा मागते त्या तांड्याजवळच्या वळणावर येणारा ट्रक दिसत नाही, मोजता मोजता आम्हीच दोघं थोडक्यात वाचलो, मी चौक चौक म्हणतो ते याच्यासाठी. लालीबाई म्हणे वळण नको, कबूल, पण चौकही नको. काहून नको, ते काही सांगेना.

तवा माह्याकडं पाहून उकंडाभाऊ म्हणाला का वहिनी, हिले विचार. धम्मदीप, मले कारण ठाऊक होतं. चौकात उकंडाभाऊच्याच पोराचा, नयनचा पानठेला. ठेल्यापुढच्या बाकड्यावर बसणारे पोट्टे तांड्याच्या पोरींले काहीबाही बोलतात. उज्ज्वलानं कॉलेज सोडलं ते त्याच्यानंच. दिवाळीतच ती मले सांगून गेली होती. उकंडाभाऊले वाईट वाटन, गावात तेढ पडन म्हणून मी गप्प राह्यली. आताही पाय उठायले पाहत होते, चहाचं भांडं दिसत होतं. पण बसली, न् सांगून टाकलं सारं. दिवाळीपासून लपवलं तेही सांगतलं.

उकंडाभाऊ आपल्या चपलांकडं पाहात बसला. उभ्या जन्मात त्याले असं पाह्यलं नव्हतं. लालीबाईनंही आवाज खाली केला न् म्हणाली, भाऊ, तुह्या पोरानं नाही बोललं, पण हटकलंही नाही. तो उठून गेला. आम्हाले वाटलं, गेली बस. अर्ध्या तासानं आला तो बाकडं खांद्यावर घेऊन. ते अंगणवाडीपुढं ठेवलं न् म्हणे थांबा इथं, चौकाच्या तीनशे पावलं अलीकडं, तांड्याच्या बाजूनं. वळण नाही, ठेला नाही, दिवसभर बाया बसल्या असतात. लालीबाईनं जागेवर टेप मागितला, त्याच्या पावलांवर तिचा भरोसा नाही. पण सही केली. ३० तारखेले कागद गेला.

मी लालीबाईच्या घरी गेली न् उज्ज्वलाची माफी मागितली. पोरगी लगेच विरघळली नाही. म्हणे आजी, माझं वर्ष गेलं ना. खरंच होतं, मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आता तिनं पुन्हा नाव घातलं आहे. गुरुवारी पहिली बस आली, बारा पोट्ट्या चढल्या.

आता थांब्याले शेड बांधायची आहे न् तिचं तोंड कुणीकडं करायचं यावर पुन्हा समिती. गुरुजी म्हणे दोन्हीकडून उघडी ठेवू, नाईक वा वा म्हणाले. मी उभी राह्यली न् बासष्ट वर्षांत पहिल्यांदा ओरडली का गुरुजी, मग पाऊस काय फक्त वरून येते? नाईकांचं वा वा अर्ध्यातच राह्यलं. उकंडाभाऊ तर खालीच बसला. बावा, काय गोड लागते रे ते! ठराव झालाच नाही, न् पुढच्या रविवारची मी आतापासून वाट पाहून राह्यली.

थोरलीचा धाक न् माया, दोन्ही सांभाळून ठेव.

तुझी भांडखोर बाई