मयुरीची गाडी

प्रिय ताई,

उद्या सकाळी मयुरीची गाडी घरी येणार आहे. तुला आधी सांगावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसले. तू असतीस तर गाडी निवडायला तूच गेली असतीस आणि शोरूमवाल्यांना पार दमवून आली असतीस.

तुझी लेक आता अकोल्याला बियाण्याच्या कंपनीत आहे. आठवड्यातले चार दिवस गावोगावच्या शेतांवर फिरावं लागतं. शेताकडे जाणाऱ्या काळ्या मातीच्या पांदणीत ठेंगणी गाडी खाली घासते, म्हणून तिच्या साहेबांनीच छोटी एसयूव्ही घ्यायला सांगितलं.

ती मात्र वर्षभर टाळत होती. एसटी, ऑटो, सोबतच्यांच्या गाड्या, काहीही चालायचं. मला वाटायचं, आळस करते. मी रागावलेही. वलगावच्या रस्त्यावर तू तिला शिकवलंस, आणि ही पोरगी स्टेअरिंगला हात लावत नाही! तुझी जुनी गाडी विकली तेव्हा तिनं चावीसुद्धा हातात घेतली नव्हती. मला तेव्हाच कळायला नको होतं का?

गेल्या रविवारी मीच तिला इथे अमरावतीत शोरूमला ओढत नेलं. मला छताला काच असलेली लाल गाडी आवडली. हसू नकोस. मयुरीनं मात्र ब्रेक कसे, एअरबॅग किती आणि सीट वर घेतली तर समोरचा रस्ता दिसतो का, एवढंच विचारलं. उंचीनं ती माझ्यावर गेली ना!

मग चालवून बघायला एक राखाडी गाडी घेतली. मी तिच्या बाजूला, शोरूमच्या बाई मागे. थोडं पुढे गेल्यावर तिनं गाडी कडेला घेतली. माझ्याकडे वळून म्हणाली,

"मावशी, त्या दिवशी मी गाडी हळू चालवली काय? जोरात नेली असती तर आई वाचली असती काय?"

ताई, तीन वर्षं हे ओझं घेऊन फिरत होती ती. तुझ्या छातीत कळ आली तेव्हा घरात आपण तिघीच होतो. एकवीस वर्षांच्या पोरीनं गाडी काढली. दवाखान्यात पोचलो तेव्हा तुझा श्वास चालू होता. डॉक्टर नंतर मला म्हणाले, वेळेत आणलं, पण झटकाच मोठा होता. मी ते तिला कधी सांगितलंच नाही. तिला माहीत असेल, असं धरून चालले. आणि तू तरी दोन दिवस दुखणं काहून लपवलंस?

मी तिला म्हटलं, "तुह्या आईचं डोकं माह्या मांडीवर होतं. साऱ्या रस्त्यानं तूनं तिले एक गचका बसू देला नाही. वेळेत नेलं तू. डॉक्टरनं सांगितलं मले."

ती खूप रडली. मीही रडले. मागच्या बाई बिचाऱ्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग मयुरीनं ओढणीनं डोळे पुसले, गिअर टाकला आणि बायपासपर्यंत गाडी नेऊन परत आणली. तीच राखाडी गाडी पक्की केली तिनं. त्या सीटवरून तिला चारी बाजू नीट दिसत होत्या.

सोमवारी ती अकोल्याला निघेल. मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाली, एकटीच जाईन. तुला शब्द देते ताई, यापुढे ती गप्प दिसली तर रागावण्याआधी तिला जवळ बसवून विचारीन.

तुझीच,
बेबी