आराखड्याचे दुसरे पान

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझा डावा गुडघा कसा आहे? (उजव्याची चौकशी मागच्या रविवारी प्रत्यक्ष केली होती, डाव्याची राहून गेली हे परतताना बसमध्ये लक्षात आले. डायरीत तशी नोंद आहे.) भावोजींचा खोकला उतरला असेल असे धरून चालते. इकडे आम्ही दोघे ठीक. आमचे हे दिवसभर दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या घडवतात आणि घरी आल्यावर कोणाचे तोंड बघवत नाही म्हणतात. कोणाचे म्हणजे घरात आहोत दोघेच, त्यामुळे फार विचार करावा लागत नाही.

दर रविवारी भेटत असताना पत्र कशाला, असे तू म्हणशील. तोंडी सांगायला बसले की मी वाक्ये मऊ करते, म्हणून. कागदावर खाडाखोड दिसते, त्यामुळे जरा लाज वाटते.

तर, मी पुन्हा विद्यापीठात जायचे ठरवले आहे. विषय आंतरराष्ट्रीय अभ्यास, मुदत तीन वर्षे, तासिका फक्त शनिवारी. सेहेचाळिसाव्या वर्षी हे काय, असा प्रश्न मी स्वतःला सलग अकरा दिवस विचारला आणि बाराव्या दिवशी अर्ज भरला, कारण उत्तर मिळेना आणि मुदत संपत होती. ह्यांना सांगितले तर ते हातातली कवळी उजेडात धरून म्हणाले, "आंतरराष्ट्रीय ठीक आहे. पण आधी खालच्या मजल्याशी बोलायला सुरुवात कर." (खालच्या मजल्याशी आपले पाणी गळण्यावरून बिनसले आहे. गळते आपलेच. ते वेगळे.)

कारण मात्र खरे आहे. तुला ठाऊक आहे, गेली वीस वर्षे मी कारखान्यात पाण्याच्या पंपांची माहितीपत्रके तपासते. पंप चौदा देशांत जातात, पत्रक सात भाषांत छापतो, त्यांतली मला एक येते. उरलेल्या सहा मी ओळी मोजून तपासते: आपल्या भाषेत नऊ सूचना, तर तिकडेही नऊ ओळी हव्यात. ही पद्धत वीस वर्षे बिनतक्रार चालली. गेल्या वर्षी मात्र एका भाषेत एका सूचनेच्या दोन ओळी झाल्या आणि एक सूचना अख्खी गळाली. बेरीज नऊच भरली, मी सही केली. गळालेली सूचना होती, पंप पाण्यात बुडवू नये. चार महिन्यांनी तिकडून एका गृहस्थाचे अतिशय नम्र पत्र आले, सोबत फोटो. हौदाच्या काठावर सगळे कुटुंब नवे कपडे घालून हसत उभे आहे आणि पंप हौदाच्या तळाशी आहे. पंप उत्तम आहे, फक्त चालत नाही, असे त्यांनी लिहिले होते. साहेबांनी नवा पंप पाठवला आणि विषय मिटला. माझा मिटेना. ज्यांचा पंप मी बुडवला ती माणसे कोण, काय बोलतात, आपल्यावर रागावली का नाहीत, हे आपल्याला माहीत असायला हवे असे वाटत राहिले. फोटो अजून माझ्या खणात आहे.

विद्यापीठात प्रत्येकाला एक मार्गदर्शक मिळतो. माझ्या वाट्याला आलेली मार्गदर्शक एकोणतीस वर्षांची आहे. ती मला मॅडम म्हणते, मी तिला मॅडम म्हणते, आणि आधी कोणी बसायचे यात पहिल्या भेटीची तीन मिनिटे गेली. तिच्या खोलीत भिंतभर नकाशा आहे. ऊन लागून त्यातला एक समुद्र पार पांढरा पडला आहे आणि त्यावर तिने आपले वेळापत्रक चिकटवले आहे. तिने मला दोन पानी आराखडा दिला. पहिल्या पानावर तीन वर्षांत काय काय शिकणार ते आत्ताच लिहायचे: एक प्रदेश, एक भाषा, चार ऐच्छिक विषय. प्रदेश मी हौदवाल्यांचा घेतला. भाषाही त्यांचीच. मार्गदर्शक म्हणाली की ती कठीण आहे, नोकरीच्या दृष्टीने दुसरी बघा. मी म्हटले, ज्या भाषेत एका सूचनेला दोन ओळी लागतात ते लोक नीट समजावून सांगत असणार. तिने काही लिहून घेतले. ते माझ्याबद्दल होते की भाषेबद्दल, हे विचारायचे धैर्य झाले नाही.

दुसऱ्या पानाशी मात्र माझ्यातला लोभ जागा झाला. वयाने मोठ्या विद्यार्थ्यांना एक सवलत आहे: दोन पक्षांमध्ये मध्यस्थी केल्याचा प्रत्यक्ष अनुभव असेल, तर त्याची हकिगत लिहायची, खाली दोन्ही पक्षांनी एकमेकांसमोर सही करायची, की संख्याशास्त्राचा पेपर माफ. ताई, तुला माझे गणित माहीत आहे. मी क्षणाचाही विचार न करता म्हटले, मला नऊ वर्षांचा अनुभव आहे.

तो अनुभव म्हणजे तू आणि दादा.

रागावू नकोस, पुढे वाच. आई गेल्यावर तिच्या खोल्या आवरताना शिवणयंत्रावरून तुमचे वाजले. तू म्हणालीस, मी त्यावर शिवायला शिकले. दादा म्हणाला, मी त्याच्या पायडलखाली वाढलो. मग तुम्ही दोघे जे म्हणालात ते मी इथे लिहीत नाही. यंत्र तात्पुरते माझ्याकडे आले आणि तुमचे बोलणे थांबले. तुझ्या दारापासून दादाचे दार चालत बारा मिनिटांवर आहे (मी मोजले आहे), मी बसने सव्वा तासावर, तरी नऊ वर्षे तुमचा प्रत्येक निरोप माझ्यावरून गेला. दर रविवारी सकाळी दादा, दुपारी तू. दोन देशांच्या वकिलातीसुद्धा इतक्या नेमाने उघडत नसतील.

हकिगत मी झकास लिहिली. "संयमाने", "दोन्ही बाजूंचा विश्वास संपादन करून" वगैरे. मग फक्त तारखा पडताळायच्या म्हणून जुन्या डायऱ्या काढल्या. ती चूक झाली. चूक म्हणजे डायऱ्या काढणे नव्हे, त्यांत सापडली ती. तुझ्यासाठी दोन नोंदी जशाच्या तशा उतरवते. पहिली, आई गेल्यानंतरच्या सहाव्या महिन्यातली: "दादा म्हणाला, मशीन ताईकडे पाठव, तिचा हात बसलाय त्यावर. वर्तमानपत्रातून तोंड बाहेर काढले नाही. रागात आहे. निरोप देणे उचित नाही." दुसरी, पुढच्याच रविवारची: "ताई म्हणाली, त्यालाच देऊन टाक, लहानपणी त्या पायडलवर डोके ठेवून झोपायचा. भांडी जोरात लावत होती. टोमणा आहे. कळवू नये."

त्या रविवारी मी दोघांनाही सांगितले की अजून विचार चालला आहे. तेच पुढे साडेआठ वर्षे सांगितले.

ताई, दादा रागावला नव्हता. तो नेहमीच वर्तमानपत्रात तोंड घालून बोलतो. लग्नाला होकारही त्याने तसाच दिला होता. आणि तू भांडी जोरातच लावतेस, आनंदात असलीस तर जास्तच. हे मला जन्मापासून ठाऊक आहे. मग मला तेव्हा का कळले नाही, याचा मी चार दिवस प्रामाणिकपणे विचार केला. तुम्ही पुन्हा दुखावले जाऊ नये असे वाटले, हे खरे आहे. पण त्याच पानाच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे: "यंत्र खिडकीखाली अगदी बेतात बसले. त्यावर लिहायला उजेड चांगला येतो." डायरी मी त्याच्यावर ठेवूनच लिहिते. हे पत्रही.

मी पहिली हकिगत फाडली आणि दुसरी लिहिली: वाद सहा महिन्यांत मिटला होता, मध्यस्थाने तो नऊ वर्षे टिकवला. ती घेऊन मार्गदर्शकाकडे गेले आणि म्हटले, माझा सवलतीवर हक्क नाही, मी संख्याशास्त्र करीन. तिने ते पान दोनदा वाचले, चष्मा काढून ठेवला आणि अगदी आदराने म्हणाली, "मॅडम, हे चालतं. तिसऱ्या वर्षाला यावर आमचा एक अख्खा पेपर आहे." सह्या मात्र लागतीलच, शुक्रवारपर्यंत.

दादालाही हेच पत्र धाडते आहे, शब्दाला शब्द. (त्याला फक्त गुडघ्याऐवजी पाठीचे विचारले आहे.) क्षमा कर असे लिहिणार होते, पण ते तू समोर असताना म्हणायला हवे, आणि त्या वेळी मऊ करायला नको. भावोजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. यंत्र तुमच्यापैकी कोणी न्यायचे ते तुम्ही ठरवाच, मी मध्ये पडत नाही. फक्त पदवी होईपर्यंत, म्हणजे तीन वर्षे, ते माझ्याकडेच राहिले तर बरे पडेल. घरात दुसरे टेबल मावेल अशी जागा नाही. खरे तर पत्र याच्यासाठीच लिहायला घेतले होते. बाकीचे वाटेत आले.

ता. क. २. सोबत आराखड्याचे पहिले पान आहे. दुसरे पान, ज्यावर दोघांच्या सह्या हव्यात, ते नजरचुकीने दादाच्या पाकिटात गेले. नुसते एक पान कार्यालयात घेत नाहीत.

ता. क. ३. नजरचुकीने हा शब्द खोडावा. डायरीतही खोडला आहे. टाचणी मी स्वतः काढली. बारा मिनिटांचा रस्ता सपाट आहे, गुडघ्याला त्रास होणार नाही. दार उघडल्यावर दादा काय म्हणाला ते मात्र मला कळवू नकोस. कळवलेस तर मी ते पुढे कोणाला तरी सांगेन, आणि जसेच्या तसे सांगेन याची खात्री मला स्वतःला आता देता येत नाही.